पट्ट्या आणि पॅड एकाच डब्यात: बारा दिवसांची उसनवारी

नौपाडी_ठेका (धागाकर्ता)

मंडळी, मी दिवसा वागळे इस्टेटमध्ये स्टोअर सांभाळतो आणि लग्नसराईत हळदी वाजवतो. गोठिवली, तळवली, करावे, दिवाळे, जिथे बोलावतील तिथे. घरचा अ‍ॅरेंजर कीबोर्ड (कॉर्ड दाबला की मागे तयार बँड वाजवणारा) नऊ वर्षांचा झालाय आणि त्यातले दादरे-केरवे आता बायकोलाही पाठ आहेत. भांडी घासताना ती तोंडाने फिल-इन, म्हणजे दोन ओळींमधला भराव, देते, आणि बरोबर जागेवर देते.

कोपरखैरण्याच्या भाच्याने हौसेने अकाईचा एमपीसी की ३७ घेतला. ऑफिसच्या ट्रेनिंगला बारा दिवस बाहेरगावी जायचं होतं, म्हणाला, "मामा, घेऊन जा, पण चहा लांब ठेव." ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये दाराशी उभं राहून, बॅग पोटाशी धरून घरी आणला. दिघा गावला चढलेल्या एका आजोबांनी विचारलं, "पेटी का?" म्हटलं, हो, पेटीच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: ३७ पट्ट्या, म्हणजे तीन सप्तकं आणि वरचा सा. पट्ट्यांच्या वरच्या अंगाला चार बाय चार असे सोळा रबरी पॅड, सात इंची टचस्क्रीन, चार नॉब. कॉम्प्युटर लागत नाही. आवाज भरणं, कापणं, ट्रॅक रचणं, मिक्स करणं, सगळं आतल्या आत. २ जीबी रॅम, ३२ जीबी जागा. स्पीकर नाही. बॅटरी नाही. या शेवटच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचं रडगाणं त्यांचंच आहे.

तीन सप्तकं अपुरी पडतील असं वाटलं होतं. पडली नाहीत, कारण माझा हात मुळात पेटीवर बसलेला. पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला असतो, सगळी करामत उजव्याची, आणि साडेतीन सप्तकांत लोकांचं आयुष्य निघतं. इथे भाता नाही, तर डावा मोकळा हात आपोआप पॅडकडे गेला. पियानो शिकलेल्या माणसाचा मात्र जीव गुदमरेल. त्याने ६१ पट्ट्यांचा थोरला भाऊ बघावा. त्याच्या पट्ट्या सेमी-वेटेड, म्हणजे बोटाला थोड्या जड, आहेत, रॅम ४ जीबी आहे आणि माईक थेट लावता येतो.

पहिली संध्याकाळ पूर्ण वाया गेली. सवयीप्रमाणे डाव्या हाताने 'सा'चा कॉर्ड दाबला आणि बँड सुरू व्हायची वाट बघत बसलो. काही नाही. परत दाबला. वाटलं, भाच्याचं मशीन आपल्या हातून गेलं! मग कळलं की यात तयार स्टाइल हा प्रकारच नाही. इंट्रो, फिल-इन, एंडिंग यांची बटणं नाहीत. कॉर्ड ओळखून मागे वाजणारा बँड नाही. आत ड्रमकिट ढीगभर आहेत, पण माझ्या हाताला ढोलकी काही लागली नाही. हा डबा तुम्हाला रेडीमेड काही वाढत नाही. जे पाहिजे ते आपण शिजवायचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपचे ढोलकीवाले काका घरी आले. की ३७ ला माईकची सोय नाही, मागे फक्त लाइन इन, म्हणजे मिक्सरसारख्या यंत्राचा जोरदार सिग्नल घेणारं भोक, आहे, म्हणून माईक आधी छोट्या मिक्सरला आणि मिक्सरचं आउट याच्यात. पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली, काका घामाघूम. "ना"चे हलका, मध्यम, जोरात असे तीन ठोके. तसंच "ता", "धुम", "क" आणि दोन घिस्से, म्हणजे पुडीवर मनगट सरकवून काढलेले घुमारे. एका पॅडवर चार थर तरी बसतात. हलकं टिचकावलं तर हलका ठोका वाजतो, जोरात मारलं तर जोराचा. तीनच थर भरले तरी फरक कानाला लगेच कळतो. एकच सॅम्पल, म्हणजे भरून घेतलेला ठोका, कमी-जास्त आवाजात वाजवणं वेगळं आणि खरंच हलक्या हाताने मारलेली ढोलकी वेगळी. हलक्या हाताने घुमारा जास्त आणि चाट कमी येते.

मग म्यूट ग्रुप. "धुम" घुमत राहतो, पण खऱ्या ढोलकीवर पुढचा "क" पडला की हात पुडीवर, म्हणजे कातड्यावर, दाबला जातो आणि घुमारा तुटतो. दोन्ही पॅड एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाकले की तेच होतं. हे करेपर्यंत माझी ढोलकी रिकाम्या पिंपासारखी वाजत होती. हे केलं आणि काकांनी पहिल्यांदा मान हलवली.

तिसऱ्या "धुम"मध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी भरली गेलीय. काढली नाही.

आता रडगाणं. रविवारी सकाळी दोन तास बसून सोळाच्या सोळा पॅड लावले, एक ठेका भरला, बायकोला ऐकायला बोलावलं आणि लाईट गेली. बॅटरी नाही, सेव्ह केलेलं नाही. रॅम म्हणजे लाईट असेपर्यंतचीच आठवण, तिच्यातलं सगळं गेलं. मशीनची चूक नाही, गाढवपणा माझा. पण त्या सकाळचं हातात जे उरलं ते म्हणजे फोनमधला काकांच्या ढोलकीचा फोटो.

थोडक्यात, स्टेजवर माझा जुना अ‍ॅरेंजर याने हलणार नाही. पण घरी बसून स्वतःचा ठेका बांधायचा असेल, तर नऊ वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की वाजतंय ते माझ्या माणसांचं वाजतंय. विचारा काय विचारायचं ते, शनिवारपर्यंत माझ्याकडे आहे.

तलावपाळीवरचा_रिकामटेकडा

अकाई म्हणजे आमच्या लग्नात आला होता तो टीव्ही ना? अजून चालतो. त्यालाही पॅड लावा.

सायलेंट_मोड

वाचतेय. वहिनींच्या फिल-इनचं सॅम्पल घ्या आधी.

पांढरी_चार

छान लिहिलंय. मी पेटीवाला, भजनी मंडळात वाजवतो, ठाणे पूर्व. माझा प्रश्न तालाचा. पाश्चात्त्य मशीन म्हटलं की चार-चारच्या बाहेर जीव जात नाही असा अनुभव. सात मात्रांचा रूपक आणि दहाचा झपताल जमतो का?

नौपाडी_ठेका

@पांढरी_चार, जमतो. सिक्वेन्सला, म्हणजे भरलेल्या ठेक्याच्या तुकड्याला, टाइम सिग्नेचर (मात्रांची संख्या) देता येते, सातची दिली की सात मात्रांवर आवर्तन फिरतं. झपतालाला दहा. गंमत रूपकात झाली. मशीनचा मेट्रोनोम पहिल्या मात्रेवर ठसका देतो आणि रूपकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तर 'खाली'च्या जागेवर! कानात टिकटिक जोरात येते तिथे आपल्याला हात उचलायचा. दहा मिनिटं मी चक्क उलटा वाजत होतो. शेवटी मेट्रोनोम बंद केला आणि "ती ती ना, धी ना, धी ना" स्वतःच वाजवून त्याचाच लूप लावला.

उगाच_जुनं

टीव्हीवाल्या बंधूंसाठी: अकाई मुळात जपानी, टेपरेकॉर्डर आणि डेकसाठी नावाजलेली. संगीताच्या वस्तूंचं अकाई प्रोफेशनल आता अमेरिकेतल्या इनम्युझिककडे आहे. आणि हे सोळा पॅडांचं प्रकरण १९८८ चं. रॉजर लिन नावाच्या अमेरिकन माणसाने त्याआधी १९८० मध्ये एलएम-१ काढलं होतं, खऱ्या ड्रमचे भरून घेतलेले आवाज वाजवणारं पहिलं ड्रम मशीन. मग अकाईसाठी एमपीसी ६० रचलं. आज भाच्याच्या मशीनवर जे चार बाय चार आहे ते तेव्हापासून तसंच आहे.

आणि धागाकर्त्याने स्विंगबद्दल एक अक्षर लिहिलं नाही! एमपीसीचा आत्मा तिथे आहे. सोळांशाच्या, म्हणजे पाव मात्रेच्या, ठोक्यांच्या प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा टाकायचा, एवढंच. ५० टक्के म्हणजे सरळ, दोघांत सारखं अंतर. ६६ ला नेलं की जोडीचे तीन भाग पडतात आणि दुसरा ठोका तिसऱ्या भागावर येतो, म्हणजे तिश्र. मधल्या आकड्यांवर डुलकी असते.

नौपाडी_ठेका

@उगाच_जुनं, विसरलो नाही, भांडण होईल म्हणून गाळलं होतं. आता निघालंच आहे तर सांगतो. केरवा सरळ ५० वर भरला तर कवायत वाटतो. ५८ ला नेला आणि पाय हलायला लागला. ६२ वर आमच्याकडच्या हळदीचा झोका यायला लागला. ६६ वर पुन्हा मजा गेली, फार गोल झालं.

हलगी_ते_दिमडी

झालं का भांडण सुरू? मग मी आलोच.

हळदीचा ठेका टक्क्यात नसतो हो. ढोलकीवाला गाण्याच्या पहिल्या कडव्याला जेवढा डुलतो तेवढा चौथ्या कडव्याला डुलत नाही. नवरदेवाची आत्या नाचायला उतरली की लय आपोआप वर जाते, आत्या दमली की खाली येते. तुमचा ५८ टक्के आत्याकडे बघतो का? आणि घिस्सा. दोन घिस्से भरले म्हणता. काकांच्या मनगटाखाली दोनशे आहेत. डाव्या पुडीवर मनगट किती दाबलं, कुठून कुठे सरकवलं, त्याच्यावर स्वर चढतो. तो पॅडवर येणार नाही म्हणजे नाही.

नाराज होऊ नका, पण हळदीला माणूसच पाहिजे.

नौपाडी_ठेका

नाराज कशाला, घिस्स्याचं शंभर टक्के मान्य. एक जुगाड केला: "धुम"चं लांब सॅम्पल एका पॅडऐवजी पट्ट्यांवर टाकलं आणि पिच व्हील ओढलं. ऐकून काका म्हणाले, "मांजर आहे का घरात?" तो विषय तिथेच संपला.

लयीचं मात्र अर्धंच मान्य. क्वांटाइज, म्हणजे ठोके आपोआप मात्रेवर ओढून बसवणं, बंद ठेवून हाताने वाजवलं तर जसं वाजवलं तसंच राहतं, आत्यासकट. टक्केवारी आळशी माणसासाठी आहे.

उगाच_जुनं

@हलगी_ते_दिमडी, अमेरिकेतही हेच भांडण झालंय. जे डिला म्हणून एक हिपहॉपवाला होता, २००६ मध्ये गेला. घड्याळावर न बसणारे, लडखडणारे ठेके त्याने याच जातीच्या मशीनवर बोटांनी वाजवले. त्याचं एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मशीन लडखडत नव्हतं, माणूस लडखडवत होता.

हलगी_ते_दिमडी

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. धन्यवाद.

ऐरोलीची_वहिनी

मी गाते हळदीला, आणि तुम्हा वाजवणाऱ्यांच्या गप्पांत गाणारीला कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. माझा गळा पांढरी तीनला, म्हणजे माझा सा पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. दुसरी गायिका आली तर काळी एक. ऐन वेळी "वहिनी, आज घसा बसलाय" झालं तर अजून खाली. अ‍ॅरेंजरवर बटण दाबलं की झालं. तुमच्या या सॅम्पल केलेल्या ढोलकीचं काय? ढोलकीही स्वरात लावलेली असते ना?

नौपाडी_ठेका

वहिनी, एकदम नसेवर बोट ठेवलंत. काकांनी ढोलकी काळी एकला लावली होती. पॅडचं ट्यूनिंग सेमिटोनने, म्हणजे काळी-पांढरी धरून एकेका पट्टीने, वर-खाली करता येतं, म्हणून तुमच्यासाठी पांढरी तीनला, म्हणजे तीन सेमिटोन वर नेऊन पाहिली. "ना" लहान पोराच्या खेळण्यातला वाटायला लागला. एक सेमिटोन खपतो, दोन कसेबसे. बरा उपाय म्हणजे काकांकडून काळी एक आणि पांढरी तीन असे दोन वेगळे संच भरून घेणे. काकांना अजून सांगितलेलं नाही.

ऑक्टोपॅड_भाड्याने_मिळेल

बाकी सगळं ठीक आहे, पण हे बघा. गेली कित्येक वर्षं कुठल्याही ऑर्केस्ट्रात जा, रोलँडचा एसपीडी-२० दिसणारच. आठ पॅड, हातात काठ्या, दणादण. गाणं बदललं की पॅच, म्हणजे पॅडवरच्या आवाजांचा संच, बदलायला एक बोट, तेवढ्यात निवेदकाचा विनोदही संपत नाही. तुमच्या यंत्रात पुढच्या गाण्याचा प्रोजेक्ट उघडेपर्यंत काय करायचं? पब्लिकला स्क्रीन दाखवायची?

शिवाय मे महिन्यात मंडपात वाजवताना घाम टपटप पडतो. टचस्क्रीनवर ओलं बोट चालत नाही. हे कुणी लिहीत नाही.

नौपाडी_ठेका

घामाचं खरं आहे, नुसत्या घरात पंखा बंद केला तेव्हाच कळलं.

गाणी बदलायचा एक मार्ग आहे: पाच-सहा गाणी वेगवेगळ्या सिक्वेन्समध्ये, पण एकाच प्रोजेक्टमध्ये आणि एकाच ढोलकीवर. मग थांबावं लागत नाही. पण फर्माइश आली की बोंब. हळदीत फर्माइशीशिवाय दुसरं काय असतं?

आणि कृपा करून कुणी या पॅडवर काठी मारू नका. ते बोटांसाठी आहेत. भाच्याचा मित्र मारणार होता, मी हात धरला.

बेंजो_पार्टी_कळवा

आमच्या बेंजोचं सॅम्पल घेतलं का कुणी? लाइन आउट आहे आमच्याकडे, माईकची भानगड नाही, सरळ तुमच्या लाइन इनला.

उगाच_जुनं

अवांतर: ज्याला आपण बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग. मूळ जपानचं ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयाच्या एका माणसाने टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवून केलेलं. म्हणजे जपानी बेंजो आता मूळच्या जपानी डब्यात शिरणार.

बेंजो_पार्टी_कळवा

दादा, आमचा बेंजो कळव्याचा आहे.

पांढरी_चार

+१ कळवा.

सायलेंट_मोड

माझी केस वेगळी. घोडबंदर रोडला पंधराव्या मजल्यावर फ्लॅट, मुलं झोपल्यावर रात्री अकराला माझा दिवस सुरू होतो. स्पीकर नाही हे तुम्ही रडगाणं म्हणता, मला तो गुण वाटतो. हेडफोन लावला की कुणाला पत्ता नाही. पॅडचा टक-टक आवाज खालच्यांना जातो का, एवढंच सांगा.

नौपाडी_ठेका

टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर जातो. खाली जुनी चादर दोन घड्या करून घाला. मी आधी डायनिंग टेबलवर वाजवत होतो, तर शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, "रात्री खिळे ठोकत होता का?" चादर घातल्यावर चौकशी बंद.

बाकी हळदीवाल्यांनाही हा गुण समजायला हवा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम आहेच. दहा वाजले की आमची मंडळी वायर गुंडाळतात आणि खरी सुचायची वेळ तेव्हाच सुरू होते.

शून्य_बजेट

किंमत कुणी बोलेना म्हणून मीच काढतो. हा अमेरिकेत आला तेव्हा ८९९ डॉलर होता. इथे आयात, कर, दुकानदार सगळं धरून जो आकडा मी ऐकला त्यावर मी फोन ठेवून दिला. तोच लॅपटॉप जो घरी धूळ खातोय, त्याच्यावर रीपर (आवाज भरायचं सॉफ्टवेअर) टाका, एखादा छोटा पॅड-कंट्रोलर घ्या, काम तेच होतं. तेही नको तर फोनवर कोआला सॅम्पलर आहे, त्यातही सोळा पॅड, माईक फोनचाच. काकांना फोनसमोर बसवा. पंखा मात्र बंदच ठेवावा लागेल.

नौपाडी_ठेका

कोआलाचं बरोबर आहे, सुरुवात तिथूनच करावी. पैसे वाचतील आणि आपल्याला हा नाद आहे की नुसती हौस, तेही कळेल.

लॅपटॉपबद्दल माझं मत वेगळं. दिवसभर स्टोअरमध्ये स्क्रीनवर एंट्र्या करतो. घरी येऊन परत लॅपटॉप उघडला की अपडेट मागतो, मग मेल दिसतो, मग मी स्टोअरमध्येच असतो. या डब्यावर मेल येत नाही. बारा दिवसांत मी जेवढं वाजवलं तेवढं लॅपटॉपवर वर्षात वाजवलं नव्हतं. या गोष्टीची किंमत ज्याची त्याने लावावी. मी काही विकत घेत नाहीये, माझी ऐपत हळदीच्या सुपारीएवढी आहे.

कट्टा_तंत्रज्ञ

उशिरा पोचलो. दोन कामाच्या गोष्टी:

प्रेफरन्सेसमध्ये ऑटोसेव्ह आहे, भाच्याला परत द्यायच्या आधी चालू करून ठेवा. आणि एखादा साधा यूपीएस, कॉम्प्युटरला लावतो तोच, लावलात तर लाईट गेल्यावर निदान सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळतो.

मिक्सर नसेल तर क्लास-कंप्लायंट (वेगळं सॉफ्टवेअर न लागणारा) यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक जोडायचा छोटा डबा, थेट लागतो, एमपीसी त्याला ओळखतो, मग माईकचा प्रश्न मिटला. किंवा फोनवर वेव्ह फाइल भरून पेनड्राइव्हने आत घ्या. रॅम २ जीबीच आहे म्हणून कुणी घाबरू नये, सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी घेतो. ढोलकीचा ठोका एक-दोन सेकंदांचा. अख्ख्या ठाणे जिल्ह्याच्या ढोलक्या मावतील.

हलगी_ते_दिमडी

ढोलक्या मावतील, ढोलकीवाले नाही.

बरं, एक खरंच विचारतो. ताशाचा रोल जमतो का त्यात?

नौपाडी_ठेका

नोट रिपीट म्हणून बटण आहे, ते धरून पॅड दाबून ठेवला की ठोके सुटत राहतात आणि बोटाचा दाब वाढवला की आवाज चढतो. चढ-उतार छान येतो, पण प्रत्येक ठोका तोच, त्यामुळे शिलाई मशीन वाटतं. डाव्या आणि उजव्या काठीचे वेगळे ठोके भरून दोन पॅडवर टाकले आणि दोन बोटांनी वाजवले, तर माणूस वाटतो. बोटं मात्र मोडतात.

हलगी_ते_दिमडी

हं. मग माझ्याकडे ताशा आहे, कोपरीला. शुक्रवारी संध्याकाळी या. घिस्स्याचं भांडण पुढे चालू ठेवू, चहा मी देतो.

ऐरोलीची_वहिनी

चहा मशीनपासून लांब ठेवा.

नौपाडी_ठेका

शुक्रवार नक्की.

ताजी खबर: काल काका परत आले होते, भरलेला ठेका पूर्ण ऐकवला, गाणंही पट्ट्यांवर वाजवलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "ना उतरलाय." मी म्हटलं, काका, हा तुमचाच "ना" आहे. म्हणे, "त्या दिवशी पाऊस होता, पुडी ओली होती, मला तेव्हाच कळलं होतं. हे सगळं पुसून टाक." बुधवारी येतायत, ढोलकी गॅससमोर शेकून घेऊन. पांढरी तीनचंही सांगून टाकतो आता.